कच्चा आवाज

“माझं गाणं पुसायचंच असतं, म्हणून मी ते स्वच्छ गाते,” असं थोरली एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती धाकटीच्या एका गिऱ्हाइकाला. बाई कोटाचं माप द्यायला आली होती आणि हात पसरून उभी असताना वेळ जावा म्हणून तिने विचारलं होतं, “या तुमच्या ताई काय करतात?” उत्तर ऐकून बाईला काही कळलं नाही. ती “अरे वा” म्हणाली आणि दुसरा हात पसरला.

धाकटी कपडे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडी. दांडीवर लोकांचे कोट, झगे, गणवेश, उसवलेल्या खांद्यांचे आणि अर्ध्या बाह्यांचे. मागच्या खोलीत धाकटी आणि तिचा नवरा. मधल्या बोळकांडीत थोरलीची खाट. नवरा सोडून गेल्यावर थोरली चार दिवसांसाठी म्हणून आली होती. ते चार दिवस अजून संपले नव्हते, आणि ते कधी संपणार हे विचारायची त्या घरात कुणाची पद्धत नव्हती.

थोरलीचं काम समजावून सांगणं तसं अवघड नाही. संगीतकाराची चाल तयार होते. ती शिकायला प्रसिद्ध गायिकेकडे वेळ नसतो. मग आधी दुसऱ्या कुणाकडून तरी पूर्ण गाणं गाऊन घेतात. प्रसिद्ध गायिका ते गाडीत ऐकते, स्टुडिओत येते, त्या आवाजाच्या पावलांवर पाऊल ठेवून गाते, आणि मग रेकॉर्डिस्ट खालचा आवाज पुसून टाकतो. त्या पुसायच्या आवाजाला धंद्यात ‘डमी’ म्हणतात. थोरलीला तो शब्द कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा वाटायचा. ती ‘कच्चा आवाज’ म्हणायची.

“म्हणजे धावदोराच की,” धाकटी म्हणाली होती. “पक्की टीप पडली की ओढून टाकायचा.”

“हो, पण धावदोरा वाकडा पडला तर टीपही वाकडीच पडते, बाई!” थोरली हसत म्हणाली. तेव्हा ती हसायची.

या कामाचे नियम होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. जिच्यासाठी गायचं, तिच्यासारखं गायचं. ती जिथे श्वास घेते तिथेच आपण घ्यायचा. स्वतःची एखादी हरकत, एखादी मुरकी टाकायची नाही, कारण बाईला ती जमली नाही तर बाईचा मूड जातो आणि बाईचा मूड गेला की सगळ्यांचा दिवस जातो. थोरली बहुतेक वेळा एकाच गायिकेसाठी गायची. त्या गायिकेचा श्वास आखूड होता. ओळीचा शेवटचा शब्द तिला पेलायचा नाही. म्हणून थोरलीही तो लवकर खाली ठेवायची, हळूच, जणू तसाच ठेवायचा असतो. नाकापेक्षा मोती जड होऊन चालत नाही. थोरली इतकी वर्षं मोत्यातून थोडं थोडं वजन काढत राहिली.

एकदा नात्यातल्या एका समारंभात लोकांनी तिला गायचा आग्रह केला. तिने त्या गायिकेचं गाजलेलं गाणं म्हटलं. गाणं संपल्यावर एक काका धावत आले. “काय गाता हो! अगदी हुबेहूब तिच्यासारखं! डोळे मिटले तर फरक कळणार नाही!” थोरलीने मान झुकवून आभार मानले. धाकटी शेजारीच बसली होती. ते गाणं आधी थोरलीने गायलं होतं, जागान् जागा तिने बसवली होती, आणि त्या गायिकेनेच ती हुबेहूब उचलली होती. धाकटीच्या तोंडावर शब्द आले होते. थोरलीने टेबलाखालून तिचा हात दाबला.

मग काळ फिरला. तो फिरताना आवाज झाला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. संगीतकार फोनमध्ये नुसतं गुणगुणायला लागले आणि यंत्र त्याचं गाणं करून द्यायला लागलं, आवाज बाईचा हवा तर बाईचा, पोराचा हवा तर पोराचा. यंत्राला चहा लागत नाही, त्याचा घसा बसत नाही, त्याला परतीची बस गाठायची नसते. थोरलीचा फोन वाजेनासा झाला. आधी ती तो पदराआड जपायची, मग टेबलावर ठेवायला लागली, मग उशीखाली. धाकटीच्या कपड्यांचे सुटे दोरे कापायचं काम तिने आपणहून घेतलं. दिवसभर कात्रीचं टक टक आणि अधूनमधून फोनकडे एक नजर.

धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे असेल कदाचित, पण कुठलाही माणूस वर जाऊ शकतो अशी त्याची पक्की समजूत आहे. कानात सतत कुणाची तरी प्रेरणादायी भाषणं. जेवतानासुद्धा एक कान भाषणात.

“ताई, वय हा फक्त आकडा असतो,” तो म्हणायचा.

“हो का? मग तुझ्या गुडघ्यांना सांग,” थोरली म्हणायची.

“चेष्टा नाही करत. स्वतःला रोज सकाळी आरशात बघून म्हणायचं, मी थांबणार नाही.”

“मी थांबलेच आहे रे. नुसती. फोनशेजारी.”

“तेच तर! माणूस पडतो म्हणजे काय होतो? उठायला मोकळा होतो!”

“अहो, तुम्ही आधी ताटावरून उठा,” धाकटी म्हणायची आणि तिघं हसायची. पण हसणं संपल्यावर थोरली ताटाकडेच बघत राहायची.

एका दुपारी दोघी भाजी घेत होत्या. दुकानात गाणं लागलं होतं. ते सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं आणि दुसरं लागलं. “हल्लीची गाणी म्हणजे शिंक,” थोरली म्हणाली. “आली, गेली, रुमाल काढायलाही फुरसत नाही.” हातात टोमॅटो तसाच. “मला एकच गाणं पाहिजे गं. असं दुकानात लागलेलं. मी भाजी निवडत असावी आणि ते ऐकू यावं. आणि त्यात मी असावी. मीच. मग मेले तरी चालेल.”

“मेलीस तर चालेल म्हणे! घरी अकरा बटणं लावायची राहिलीत,” धाकटी म्हणाली. तो टोमॅटो थोरलीच्या बोटांनी चेपला गेला होता. दुकानदार बघत होता, म्हणून तोही घेतला.

आणि मग फोन वाजला.

संगीतकार नवा होता. पोरसवदा, केसांची शेंडी बांधलेला. जुन्या रेकॉर्डिस्टकडे त्याने थोरलीचा एक कच्चा आवाज ऐकला होता. चुकून पुसायचा राहिलेला. “मावशी, मला गुळगुळीत गळा नकोय,” तो फोनवर म्हणाला. “वापरलेला हवाय. जगलेला. गाणं तुमच्याच आवाजात राहील. तुमच्याच नावाने.” थोरलीने दोनदा विचारलं, “कच्चं ना?” आणि दोनदा तो म्हणाला, “नाही हो मावशी, पक्कं.”

त्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याने पेढे आणावेत तसा चेहरा करून नुसतेच बिस्किटांचे दोन पुडे आणले. “मी म्हटलं नव्हतं? दुसरी संधी सगळ्यांना मिळते!”

“पहिली कधी मिळाली होती रे मला?” थोरली म्हणाली. पण ती चिडून नाही म्हणाली. तिने खरंच आठवून पाहिलं असावं.

गाणं होतं एका रिकाम्या घराचं.

*उशीवरचा खळगा अजून कोमट आहे,*
*कोण होतं इथे, कोण होतं इथे.*

शेवटचा ‘इथे’ लांबवायचा होता. वाद्यं थांबतात, एकटा आवाज उरतो, आणि तो जितका पुढे जाईल तितकं घर रिकामं होत जातं, असं त्या पोराने समजावलं होतं.

थोरली सराव करायची ती दांडीवरच्या कपड्यांत. कोट आणि झगे बाजूला सारून त्यांच्या मधोमध उभी राहायची, तोंड भिंतीकडे. कापड आवाज पिऊन टाकतं. घुमारा नाही, खोटा गोडवा नाही, आपला आवाज आपल्याला कोरडा ऐकू येतो. बाहेरून नुसते तिचे पाय दिसायचे. पहिले काही दिवस धाकटीला तीच गायिका ऐकू येत राहिली, कपड्यांआडून. मग एके दुपारी ‘इथे’ आला आणि थांबला नाही. तो पुढे गेला, थरथरला, मधोमध तडकला, आणि तडकल्यावरही चालत राहिला, एखादी बाई पायात काच गेल्यावरही चालत राहते तसा. धाकटीचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला. त्या आवाजात त्यांची आई नव्हती, बाप नव्हता, कुणीच ओळखीचं नव्हतं. आपली बहीण आहे कोण, असा प्रश्न धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा पडला.

थोरली कोटांमधून बाहेर आली. “फाटला ना?”

“फाटू दे,” धाकटी म्हणाली. “असाच गा.”

रेकॉर्डिंगला थोरलीने तिलाही बरोबर नेलं. “मी एकटी गेले तर सवयीने कच्चं गाऊन येईन,” ती म्हणाली. धाकटीला ती थट्टा वाटली.

स्टुडिओ तळघरात होता. भिंतींना राखाडी फोम, मधे जाड काच. काचेच्या अलीकडे बटणांचं लांबलचक टेबल, सोफा, तीन कप आणि एक मेलेलं रोप. पलीकडे छोटी खोली, तिच्यात माईक आणि थोरली, कानांवर हेडफोन. रेकॉर्डिस्ट म्हातारा होत आलेला. इतक्या वर्षांत थोरलीला सगळ्यांत जास्त त्यानेच ऐकलं होतं आणि सगळ्यांत जास्त त्यानेच पुसलं होतं.

दिवा लाल झाला. थोरली गायली. सुरेख गायली. आणि शेवटचा ‘इथे’ तिने हळूच खाली ठेवला.

“वा मावशी! फक्त शेवटचा शब्द धरायचा. सोडू नका,” संगीतकार बटण दाबून म्हणाला.

“धरते.”

पुन्हा गायली. पुन्हा ठेवला.

“मावशी, सोडताय.”

“नाही रे, धरला की!” काचेपलीकडून तिचा आवाज आला, गोंधळलेला. रेकॉर्डिस्टने तिला ऐकवलं. थोरली ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिला खरंच वाटलं होतं की तिने धरला. पुढच्या वेळी तिने मुठी आवळल्या. त्याच्या पुढच्या वेळी डोळे मिटले. प्रत्येक वेळी ओळीच्या शेवटाशी येताच काहीतरी आतून तिला बाजूला करायचं, बसमध्ये कुणी मोठं माणूस आलं की आपण उठतो तसं.

“मी थांबत नाहीये,” ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी बारीक. “मी सरकते. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं, तिला जागा करून देते. मागे कुणी नाहीये ना रे?”

“कुणी नाही, मावशी,” संगीतकार म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं. कंपनीचा माणूस गाणं ऐकायला येणार होता. त्याला पटलं तरच गाणं बाहेर जाणार होतं.

धाकटीच्याने बसवेना. खुंटीवर तिचा स्वतःचा कोट होता, संगीतकाराचं जाकीट होतं, रेकॉर्डिस्टचा मळका रेनकोट होता. तिने ते सगळे काखोटीला मारले, दार ढकललं आणि आत गेली.

“अहो बाई, काय करताय? माईक झाकाल!” रेकॉर्डिस्ट ओरडला.

“झाकू द्या. तुमच्या दुकानात हिचं गाणं होत नाही, माझ्या दुकानात होतं.” तिने दोन रिकामे स्टँड थोरलीच्या दोन बाजूंना ओढले, त्यांच्यावर कोट टांगले, आणि थोरलीला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं, माईकसकट.

“या कोटाला वास येतोय,” थोरली कुजबुजली.

“माझ्या गिऱ्हाइकांच्या कोटांना अत्तर असतं का? गा.”

ती गायली. ‘कोण होतं इथे’ आलं, वाद्यं थांबली, आणि या वेळी तिने शब्द ठेवला नाही. तो पुढे गेला, थरथरला, तडकला, चालत राहिला. धाकटी सोफ्यावर परत येऊन ऐकत होती. गाणं संपलं. एरवी संपताक्षणी बटण दाबणाऱ्या रेकॉर्डिस्टचा हात मांडीवरच राहिला.

“हा,” संगीतकार म्हणाला. “हाच.” त्याचे डोळे चमकत होते. त्याने बोलायचं बटण दाबलं. “मावशी, झालं! ऐकताय ना? झालं!”

काचेपलीकडे थोरली वळली. ती हसत होती, आणि धाकटीला वाटलं की हिला आपण लहानपणी सुद्धा असं हसताना पाहिलं नव्हतं. संगीतकाराने उत्साहाच्या भरात बटण दाबलं ते दाबलंच राहिलं. त्याच्यावरचा बारीक दिवा पेटलेलाच होता. म्हणजे इकडे बोललेलं सगळं तिकडे थोरलीच्या कानात जात होतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, त्याने सगळ्यांना नमस्कार केला, धाकटीलाही केला. उभ्या उभ्याच गाणं ऐकलं, शेवटपर्यंत. फोन खिशात ठेवून ऐकलं, हे धाकटीने पाहिलं.

“छान आहे,” तो म्हणाला. “आता गाणार कोण?”

संगीतकाराने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं.

“हेच आहे,” संगीतकार म्हणाला. “त्याच गाणाऱ्या. आत आहेत त्या.”

“अच्छा.” माणसाने काचेतून पाहिलं. तिथे दोन कोटांच्या मधे एक बाई, कानांवर हेडफोन. “सॉरी हं. आवाज तुटला ना, म्हणून मला वाटलं कच्चं आहे.”

धाकटीने तेव्हा तो पेटलेला दिवा पाहिला, आणि मग थोरलीकडे. थोरली हसत नव्हती. हात पोटाशी धरून ती ऐकत होती.

“तुटू द्या ना,” धाकटी म्हणाली. “तुटायलाच पाहिजे तो.”

“तुम्ही?”

“मी बहीण.”

“ताई, तुम्ही म्हणता ते मला पटतं,” माणूस तिला म्हणाला, आणि त्याला खरंच पटलं असावं. “पण लोक काय करतात, गाणं लावतात, दोन-चार सेकंद ऐकतात, अनोळखी आवाज आला की अंगठा फिरवतात. माझ्या हातात काही नाही. सगळं त्या अंगठ्याच्या हातात आहे. तो कुणाचं ऐकत नाही.” मग तो रेकॉर्डिस्टकडे वळला. “तिचा आवाज चढवता येईल ना याच्यावर?” आणि त्याने त्याच गायिकेचं नाव घेतलं. तिने आपला आवाज यंत्रात भरायला कंपनीला देऊन ठेवला होता. आता तिला गाडीत बसून काही ऐकायचीही गरज उरली नव्हती.

संगीतकार आपल्या बुटांकडे बघत होता. “मावशींना शब्द दिलाय मी,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि तेही बुटांना.

रेकॉर्डिस्टने काम केलं. बाजूच्या भिंतीवरच्या पडद्यावर थोरलीचा आवाज एका रेघेसारखा दिसत होता, वर जाणारा, खाली येणारा, आणि शेवटाकडे जिथे तो तडकला होता तिथे रेघ विस्कटलेली होती. रेकॉर्डिस्टने ती जागा धरली, ओढली, सपाट केली. धाकटी रोज कपड्यांना इस्त्री करते. चुणी मोडताना हात कसा फिरतो हे तिला ठाऊक होतं. मग त्याने आणखी काही दाबलं. सगळे थांबले. गाणं सुरू झालं.

जागा थोरलीच्या होत्या. श्वास थोरलीचे होते. आवाज तिचा होता, त्या दुसरीचा, रेशमी, सगळ्या जगाच्या ओळखीचा. आणि शेवटचा ‘इथे’ आला, आणि जिला तो जन्मात कधी पेलला नव्हता तिने तो धरला, लांबवला, टोकापर्यंत नेला, कुठेही न तुटता.

“बघा!” माणूस खुश होऊन म्हणाला. “अशी तर ती कधीच गायली नव्हती!” आता त्यालाही तो दिवा दिसला. तो वाकून त्या बटणाशी बोलायला लागला, अदबीने. “मावशी, गाणं तुमचंच आहे हो. फक्त पोत तिचा. आणि मी काय म्हणतो, असं जिवंत गाणारं आम्हाला कुणी मिळत नाही. यंत्राला या जागा सुचत नाहीत. तुम्ही हो म्हणालात तर दर आठवड्याला काम आहे. कायमचं. फक्त हो म्हणा.”

धाकटीला तेव्हा उशीखालचा फोन आठवला. दर आठवड्याला. कायमचं. आपल्या मनाचा एक कोपरा ‘हो म्हण, ताई’ असं म्हणतोय हे तिला कळलं आणि तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी तो कोपरा म्हणतच राहिला. नाही म्हणायचा काय अधिकार होता तिला? आणि हो म्हणायचा तरी काय?

ती बटणाशी वाकली. “ताई,” ती म्हणाली. “ऐकतेस ना? बोल काहीतरी. काहीही बोल.”

काचेपलीकडे थोरलीने तोंड उघडलं. सगळे वाट बघत राहिले. रेकॉर्डिस्टने तर सवयीने आवाजाची पट्टी थोडी वर सरकवली. पण तिच्या तोंडातून काही आलं नाही. नुसता श्वास आला, आखूड, आणि तोही माईकने टिपला, आणि पडद्यावर त्याची बारीकशी रेघ उमटली. थोरलीची नजर त्या रेघेवर होती. काचेतून तिला पडदा दिसत होता; मघाची विस्कटलेली रेघ सपाट होतानाही तिने तिथूनच पाहिली होती.

तिने हेडफोन काढले आणि खिळ्यावर अडकवले. दार ढकलून ती इकडे आली, कपांच्या, सोफ्याच्या, बुटांच्या मधून वाट काढत. संगीतकाराने “मावशी” म्हटलं. माणूस अदबीने बाजूला सरकला. धाकटीने तिचा दंड धरला. थोरलीने तिची बोटं एकेक करून सोडवली, रागाने नाही, उलट सांभाळून, जशी नाजूक कापडातून टाचणी काढावी. मग ती जिन्याकडे वळली आणि एक शब्द न बोलता निघून गेली.